पद्मिनीला हिरवं की लाल

१४ एप्रिल. किमी ६४,२१८.

शेटनी एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत मला एकच शिस्त लावली. गाडी काढण्याआधी किलोमीटर लिहायचे, ठेवल्यावर किलोमीटर लिहायचे. शेट गेले, मुंबई सुटली, त्यांची अठ्ठ्याहत्तर सालची पद्मिनी मोटार मुलांनी मला देऊन टाकली. लॉगबुकाची सवय तिच्याबरोबर गावाला आली. फरक एवढाच की इथे किलोमीटर लिहून झाल्यावर पानावर भरपूर जागा उरते. म्हणून बाकीचंही लिहितो.

आज जेवताना ही म्हणाली, "वीस तारखेला राहीला सातवा लागतोय. आणायला पायजे."

पहिलं बाळंतपण माहेरी. पोरीला सातव्यात आणायची, आठव्यात हलवायची नाही. हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, पण ही सांगते. राही आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी बुरोंडीला दिली, मच्छीमाराच्या घरात. दोघांनी आपसात ठरवलेलं होतं, पण जावई दीपेश कष्टाळू आहे, घरची बोट आहे, मी हरकत घेतली नाही.

"मी गाडीने आणतो," मी म्हणालो.

हिच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. "खंच्या गाडीनं?"

आपल्याकडे गाड्या काय दहा-बारा आहेत?

ही असं का विचारते ते मला कळतं. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. लग्नाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोललो होतो की माझी मुलगी माशांच्या टेंपोतून येणार नाही, स्वतःच्या गाडीतून येईल. गाडी तयार करताना रेडिएटरमधलं मुंबईचं हिरवं कूलंट थोडं कमी दिसलं. दुकानातलं सगळ्यात महाग, लाल रंगाचं आणून वर ओतलं. लाल आणि हिरव्याची आत खीर झाली. फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडून वरचा चढ चढलो आणि सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, गाडी उकळली. मे महिन्यात सड्यावर पाणी कुठलं? डिकीत व्याह्यांच्या मंडळींसाठी तीस शहाळी होती. मी कोयत्याने चौदा फोडली आणि रेडिएटरमध्ये ओतली. गाडी अर्धा किलोमीटर गेली, करपलेल्या गुळासारखा वास सुटला आणि ती बंद पडली.

मग व्याही बाबल्याशेटनी माशांचा टेंपो पाठवला. नवरी त्यातून गेली. मी गाडीजवळ थांबलो. शेटची गाडी उघड्या रस्त्यावर टाकून कसा जाणार? एकतीस वर्षांत मी गाडी टाकून कुठे गेलेलो नाही. मुहूर्त टळला, कन्यादान तिच्या मामाने केलं. मी पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या.

बुरोंडीत मला शहाळीवाले व्याही म्हणतात असं कानावर आलं. तेव्हापासून मी तिकडे गेलेलो नाही. स्वतःचं हसं करून घ्यायला मुद्दाम खाडी ओलांडायची कशाला? ही जाते, एसटीने.

तर मूळ चूक कूलंटची. ती या वेळी होता कामा नये. योग्य कूलंट मिळालं की निघायचं. हातात महिना आहे.

१६ एप्रिल. किमी ६४,२१८.

शृंगारतळीला विठूच्या गॅरेजमध्ये गेलो. एसटीने गेलो म्हणून विठू हसला. मी म्हटलं, गाडीत सध्या साधं पाणी आहे, त्यावर मी तिला रस्त्यावर काढत नाही.

लग्नानंतर रेडिएटर विठूनेच उघडला होता. आतला चिखल काढला, खालच्या टाकीचा सांधा नवीन डाख लावून पक्का केला. तो म्हणाला, "भाऊ, जुनी गाडी हाय, हिरवं घाला नि जावा बिनधास्त." बिनधास्त हा शब्द मेकॅनिकने वापरला की मला धास्ती वाटते.

दुकानात तीन रंगांचे डबे. हिरवा, लाल आणि आता निळासुद्धा. तिन्हींवर मोठ्या अक्षरांत अँटिफ्रीझ. शेजारी ऑइल घ्यायला आलेला एक गृहस्थ म्हणाला, "आपल्याकडं गोठतंय काय ओ? हितं घाम गोठत नाय." सगळे हसले. मी समजावलं की जे द्रव्य पाणी गोठू देत नाही तेच पाणी लवकर उकळूही देत नाही, शिवाय आतून गंज धरू देत नाही. तोवर तो गृहस्थ गेला होता.

काही घेतलं नाही. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचा नाही, हे मी एकदा शिकलो आहे.

१७ एप्रिल. किमी ६४,२१८.

फॅनबेल्ट बघितला, ठीक. होज पाइप ठीक. रेडिएटरच्या झाकणाचं रबर जरा कडक वाटलं. नवीन मुंबईहून मागवलं. आठ दिवस लागतील. घाई करून उपयोग नाही.

२१ एप्रिल. किमी ६४,२१८.

दीपकला फोन केला. आम्ही वीस वर्षं एकाच बिल्डिंगच्या आवारात गाड्या धुतल्या. त्याच्या शेटकडे जुन्या गाड्यांचा ताफा आहे, दीपक अजून तिथेच नोकरीला आहे. दीपक म्हणाला, लालला हात लावू नकोस. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, लाल त्यांच्यासाठी. आपल्या जुन्या गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाख लावून जोडलेला. काही लाल कूलंट तो डाखच खातात. हिरवं घाल, दोन वर्षांनी बदल, विषय संपला.

विषय संपला असं वाटून मी जेवलो. दुपारी आडवा झालो आणि आठवलं की पद्मिनीच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. म्हणजे रेडिएटर तांब्याचा, हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. एकाच पाण्याने तिघांना सांभाळायचं. उठून पुन्हा फोन लावला. दीपक म्हणाला, "अरे महिपत, कंपनीतून निघाल्यापासून तिन्ही एकत्रच आहेत ना? हिरव्यात ॲल्युमिनियमसाठी पण औषध असतं. तुला जायचंय कुठे?"

मी म्हटलं, बुरोंडीला. राहीला आणायला.

तो जरा थांबून म्हणाला, "मग जा ना."

या लोकांना सगळं सोपं वाटतं. ही दिवसभर एकच वाक्य बोलली: राहीला काल सातवा लागला.

२४ एप्रिल. किमी ६४,२१८.

दीपेशचा फोन. हा मुलगा सभ्य आहे, पण कधी काय बोलावं ते त्याला कळत नाही.

"बाबा, बोट दोन दिवस किनाऱ्याला हाय. मी सोडू काय राहीला तिकडं? तुमाला कशाला त्रास."

मी म्हटलं, गरज नाही, मी येतोय.

"गाडीचं काय अडलं असंल तर मी येऊन बघू काय? आमच्या बोटीच्या इंजिनात पण कूलंट लागतं."

मी त्याला सांगितलं की बोटीच्या इंजिनाचं कूलंट थंड करायला अख्खा दर्या असतो, माझ्या पद्मिनीकडे साडेचार लिटर असतात. यावर तो मोठ्याने हसला. हसण्यासारखं मी काय बोललो? मागून राहीने काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. दीपेश तिला म्हणाला, "गाडीचंच बोलतायत." मग मी फोन ठेवला.

त्याच्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं नाही. सासऱ्याच्या गाडीचा भरवसा नाही, असंच ना? बैठकीत मी जे बोललो ते त्याने लक्षात ठेवलंय. टेंपो घेऊन येईल आणि दारात उभा करील.

२९ एप्रिल. किमी ६४,२१८.

झाकण आलं. चांगलं बसलं.

हिरवं घेतलं, एक डबा. आता प्रश्न पाण्याचा. कूलंटमध्ये किती पाणी आणि कुठलं? आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, त्यात डाळ मेणासारखी शिजते, पण जांभ्या दगडातून येतं. हंड्याच्या तळाशी तांबूस साका बसतो तो रेडिएटरमध्येही बसणार. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, दहा लिटर.

प्रमाणासाठी प्रयोग केला. नुसतं पाणी, एक भाग कूलंटला दोन भाग पाणी, आणि निम्मं-निम्मं, अशी तीन पातेली चुलीवर ठेवली आणि कुठलं आधी उकळतं ते घड्याळ लावून बघत बसलो. दुसरं पातेलं दुधाचं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. हे कूलंट चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष. डब्यावर कवटी छापलेली आहे. ती मीच हिला दाखवली, आणि ते चुकलं.

हिने पातेलं उचललं, गुरं जात नाहीत अशा कोपऱ्यात खड्डा काढला, आतलं सगळं त्यात ओतलं आणि पातेल्यासकट पुरलं. हात धुऊन आली आणि म्हणाली, "तुमाला जायाचं नसंल तर तसं सांगा. मी रिक्षा करून घेऊन येतंय पोरीला. पाणी कसलं उकळताव?"

मी म्हटलं, विज्ञान आहे हे. सड्यावर पुन्हा उकळली आणि आत सात महिन्यांची पोटुशी असली तर? तेव्हा कोण जबाबदार?

यावर ती गप्प बसली, म्हणजे तिला पटलं.

३ मे. किमी ६४,२२१.

आज भरलं. एक भाग हिरवं, दोन भाग पाणी. इथल्या हवेत तेवढं पुरे, जास्त घातलं तर उलट गाडी जास्त तापते, असं दीपक म्हणाला. हीटरचा नळ उघडा ठेवून हळूहळू ओतलं, आतली हवा बुडबुड करत निघून गेली.

गाडी रस्त्यावर काढली. वाडीतल्या देवळापर्यंत गेलो आणि आलो. टेंपरेचरचा काटा मधोमध, जागचा हलला नाही. घाटापर्यंत जाणार होतो पण पेट्रोल कमी वाटलं.

लोक दारात येऊन बघत होते. गाडीचा पिस्ता रंग उन्हात छान दिसतो. मला बरं वाटलं. आता रविवारी निघायला काही हरकत नाही.

८ मे. किमी ६४,२२१.

रविवारी निघालो नाही. खालच्या होजच्या क्लिपशी ओलसर लागलं. बोटाला हिरवं आलं की नाही नक्की सांगता येत नाही. विठूला बोलावलं. त्याने बघितलं, क्लिप आवळली, म्हणाला काही नाही, बाहेरचा दमटपणा आहे. त्याचं समाधान झालं असेल. तो गेल्यावर मी सगळं कूलंट बादलीत काढलं, होज नवीन लावला, आणि पुन्हा नवीन कूलंट भरलं.

जुनं काढताना लक्षात आलं की ते अगदी स्वच्छ होतं. तरीही.

१२ मे. किमी ६४,२२१.

ही ओटी भरायला बुरोंडीला जाऊन आली. एसटी, फेरीबोट, पुन्हा एसटी. मला विचारलंही नाही. विहीणबाई बकुळाताईंनी सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी दिली आहे, आणि बाबल्याशेटनी निरोप: व्याह्यांना सांगा, आंबे संपायच्या आधी येवा.

मी विचारलं, "राही काय म्हणाली?"

"काय म्हणायची? पाय सुजल्यात तिचं. जरा फिकी दिसते."

"माझं काही विचारलं?"

"विचारलं ना. म्हणली, बाबांचं पाणी ठरलं काय?"

बघा, पोरीला गाडीची काळजी आहे. माझ्या हाताखाली वाढलेली आहे. लहानपणी मी सुट्टीला आलो की मला विचारायची, शेटची गाडी कशी आहे? माझं कसं आहे हे मागाहून.

सतरा तारीख पक्की केली. हिने कॅलेंडरवर गोल केला. वीसला आठवा लागतो.

१७ मे. किमी ६४,२६१.

सकाळी सातला निघालो. ही यायला तयार होती, पण मी म्हटलं परत येताना राही मागे आडवी होईल, जागा लागेल. धोपाव्याच्या जेट्टीपर्यंत वीस किलोमीटर, गाडी लोण्यासारखी चालली. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता, मी शेटच्या काळातली गाणी गुणगुणत होतो. जेट्टीवर रांगेत तिसरा होतो. बोट लागली, पलीकडच्या गाड्या उतरल्या, मग बोटीवरचा माणूस हाताने बोलवायला लागला. पुढच्या दोन गाड्या आत गेल्या.

तेव्हा मी काट्याकडे बघितलं. मधल्या रेषेच्या केसभर वर होता.

रांगेत उभी असताना गाडी थोडी तापतेच, हे मला माहीत आहे. पण पलीकडे दाभोळचा डोंगर दिसत होता. तो माणूस "येवा, येवा" करत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी गिअर टाकला, तो रिव्हर्सचा पडला. गाडी बाजूला घेतली, वळवली आणि परत आलो.

हिला सांगितलं की बोट बंद आहे, इंजिनात बिघाड.

ही आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलली, बाहेर आली आणि म्हणाली, "त्याच बोटीतनं विहीणबाई उतरल्या सकाळी. गुहागरला यायच्या व्हत्या. त्यांनी बघितली तुमची गाडी फिरवताना. त्यांना वाटलं काय तरी इसरलाव. सकाळपासनं वाट बघतायत सगळी. भात लावलेला."

मी काट्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१८ मे. किमी ६४,२६१.

ही सकाळीच रिक्षा ठरवून आली. मग राहीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी पडवीतून ऐकलं.

"नको आई. बाबा येतो म्हणाले व्हते ना? नाय आले. राहू दे आता. मी हितंच ऱ्हाते."

"अगो, पण पयलं बाळंतपण—"

"हितं पण माणसं हायत, आई."

हिने पुष्कळ सांगितलं. राही रडली नाही, चिडली नाही. नाही म्हणाली ती म्हणालीच. रिक्षावाला अर्धा तास थांबून गेला.

२० मे. किमी ६४,२६१.

आठवा लागला.

२१ मे. किमी ६४,२६१.

ही स्वतःची ट्रंक घेऊन बुरोंडीला गेली. बाळंतपण होईपर्यंत तिकडेच. मुलीच्या सासरी जाऊन राहणारी आमच्या वाडीतली ही पहिलीच आई असेल. लोक काय म्हणतील, असं मी म्हणणार होतो, पण एसटी आली.

दुपारी मागच्या खोलीत गेलो. राहीसाठी आठ दिवसांपूर्वी तयार केलेली. खाट उन्हात घालून परत आणलेली, भिंतीला चुना, कोपऱ्यात शेगडी, शेकासाठी गोवऱ्या. हे सगळं हिने कधी केलं? मी तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. खाटेवर बसलो तर उठवेना.

बारा-तेरा लिटर तऱ्हेतऱ्हेचं पाणी मी महिनाभर या घरात आणलं आणि पोर तिकडेच राहिली.

२२ मे. किमी ६४,३११.

आता तिला आणायचं नाही. म्हणजे गाडी तापली तरी कुणाचं काही अडत नाही. असा विचार करून सकाळी निघालो. काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो.

बोटीवर चढलो. दाभोळला उतरलो. चढाला लागलो. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. काटा मधोमध. सड्यावर त्याच जागी आलो तेव्हा गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. आत सगळं कोरडं, स्वच्छ. गरम इंजिनाचा नेहमीचा वास. मी तिथे पंधरा मिनिटं उभा राहिलो. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. कदाचित तीन तारखेपासूनच काही झालेलं नव्हतं. मला बुरोंडीला तोंड दाखवायची भीती वाटत होती. महिनाभर मी तिला कूलंट म्हणत होतो.

बाबल्याशेट अंगणात जाळं पसरून बसले होते. उठून पुढे आले. "या वो व्याही. गाडी घेवन आलाव? बरा झाला. शहाळा काढू काय, का आदी गाडीला पायजे?"

दोन वर्षं मी याच वाक्याला भीत होतो. ऐकल्यावर मला हसू आलं. तेही हसले, आणि खरंच शहाळं काढून आणलं, मला.

राही पडवीत खुर्चीवर होती. पाय पाटावर. खूप मोठी झालेली दिसली, म्हणजे वयाने.

"आठवा लागला, बाबा."

"माहीत आहे."

"मग कशाला आलात?"

"तुला बघायला."

लगेच मी पाण्याचं प्रमाण, डाख, क्लिप हे सगळं सांगायला लागलो. का आलो नाही ते तिला समजावं म्हणून. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "त्या दिवशी मला माशांच्या टेंपोचं काय वाटलं नव्हतं, बाबा. मी पुढं बसले होते. बाहेरच्या आरशात बघत होते, तुम्ही मागनं पळत येताय काय. तुम्ही बॉनेटमध्ये वाकला होतात. वळण येईपर्यंत बघितलं मी."

मी म्हणालो, "शेटची गाडी—"

"शेट मेले होते, बाबा. मी जिवंत होते."

हे तिने अगदी हळू म्हटलं. हिने आतून ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही. आरशाचं मला कधी माहीतच नव्हतं. मला वाटत होतं की तिला लाज वाटली असेल, लोक हसले असतील, मुहूर्त टळल्याचं लागलं असेल. लोकांचा विचार मी दोन वर्षं केला. तिचा केला नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

उद्या तिला दापोलीला डॉक्टरकडे न्यायचं आहे. बकुळाताई म्हणाल्या, "खाडी वलांडून म्हायेर येगळं, दवाखाना येगळा. दवाखान्यात जायलाच पायजे." दीपेश बोट घेऊन बाहेर आहे. मी म्हटलं, मी गाडीने नेतो. राही बरं म्हणाली.

२३ मे. गाडी व्याह्यांच्या अंगणात.

वही पिशवीत होती म्हणून दापोलीच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय. नंबर सतरावा, आत्ता नववा चालू आहे.

सकाळी साडेसातला गाडी पुसायला गेलो तर खाली फरशीवर हिरवं. थेंब नाही, चांगलं ताटलीएवढं डबकं. वाकून बघितलं. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या खालून गळत होतं, म्हणजे पंपाचं सील. नवीन होज नाही, क्लिप नाही, ज्याचा मी महिन्यात एकदाही विचार केला नाही ते. पाणी किती उरलंय, किती वेगाने जातंय, पान्याने तात्पुरतं आवळता येईल का, हे सगळं एकदम डोक्यात आलं. पंधरा मिनिटं दिली असती तर कळलं असतं. मी शर्टाच्या बाह्या वर केल्यासुद्धा.

पायरीवर राही येऊन उभी होती. हातात डॉक्टरची फाइल. तिने गाडीकडे बघितलं की नाही मला कळलं नाही. ती म्हणाली, "नऊच्या आत नंबर लावायला लागतो. मी रिक्षा बोलावते."

रिक्षा नाक्यावरच असते, लगेच आली. राही जपून आत बसली. बकुळाताई मासळीच्या लिलावाला गेलेल्या, ही स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. गाडीखालचं डबकं तेवढ्यात दुप्पट झालं. शेजारचा कुत्रा ते हुंगायला आला, मी त्याला हाकललं. गोड लागतं त्याला, चाटेल आणि मरेल. बाबल्याशेटना हाक मारली, म्हटलं, यावर वाळू टाका, कुणाला शिवू देऊ नका.

"तुमी जावा," ते म्हणाले. "मी हाय हितं."

मी बाह्या खाली केल्या आणि रिक्षात बसलो. एकतीस आणि दोन, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच मी गळती गाडी तशीच टाकून गेलो. रिक्षावाला खड्ड्यांतून दामटत होता, मी त्याला तीनदा सांगितलं की हळू चालव. राहीने एका हाताने दांडी धरली होती. दुसरा हात खड्डा आला की माझ्या गुडघ्यावर यायचा. चौथ्या की पाचव्या खड्ड्यानंतर तो तिथेच राहिला.

आत्ता तिने विचारलं, काय लिहिताय?

"गाडीचं."

"पंपाखालनं गळत होतं ना? मी पायरीवरनं बघितलं."

"हो."

"बरंच होतं."

"बरंच होतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की नंबर पुकारतात तेव्हा ऐकू येत नाही, तुम्ही लक्ष ठेवा. डोकं भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. अकरावा चालू आहे. लिहिणं बंद करतो, नाहीतर नंबर चुकायचा.